घरचा खाऊ, रोजचं पोषण: लाडू, चटण्या आणि सत्त्व पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

संध्याकाळी घरी आल्यावर बिस्किटाचा पुडा फोडायचा आणि त्याची भरपाई म्हणून सकाळी कुठलीशी महागडी पावडर पाण्यात ढवळून प्यायची, असा दिनक्रम बऱ्याच घरांत बसलेला दिसतो. दोन्हींवर पैसे जातात, आणि अंगाला लागतं त्या मानाने फार थोडं. या दोन्हींच्या जागी ठेवता येईल असा खाऊ वाण्याच्या दुकानातून सहज उभा राहतो: नाचणी, तीळ, जवस, अळीव, शेवग्याचा पाला, आवळा, आणि थंडीत डिंक. ज्यांनी आजवर कढईत फोडणीपलीकडे काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. सोपं आधी, वेळखाऊ नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. यातलं सगळं एकदम करायला जाऊ नका. एका वेळी एकच पदार्थ करा, तो संपेपर्यंत रोज थोडा खा, मग पुढचा. पोषण या "रोज थोडा"मध्येच आहे. रविवारी हौसेने पाच डबे भरले आणि तीन खवट झाले, तर कुणाचंच भलं होत नाही.

आधी सामान, तेही थोडंच

जाड बुडाची कढई, लांब दांड्याचं उलथनं, मिक्सरचं लहान भांडं, किसणी आणि घट्ट झाकणाचे दोन-तीन स्टीलचे किंवा काचेचे डबे एवढं पुरतं. पातळ बुडाचं भांडं मात्र घेऊ नका. त्यात पीठ खालून करपतं आणि वरून कच्चं राहतं, मग कितीही जपलं तरी लाडू कडसर लागतो.

धान्य आणि बिया पाव-पाव किलोच आणा. तीळ, जवस, शेंगदाणे, खोबरं यांत तेल असतं आणि ते जुनं झालं की खवट होतं. दुकानात चिमूटभर चावून बघायला संकोच करू नका. घशाशी जळजळल्यासारखं वाटलं तर तो माल घेऊ नका. आठवडी बाजारात किंवा महिला बचत गटांच्या प्रदर्शनात नवा माल मिळण्याची शक्यता जास्त असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी नाचणी 'रागी' म्हणून मागावी, नाशिककडे तिला नागली म्हणतात. अळीव हिंदी मुलखात 'हलीम' आणि गुजरातीत 'असाळियो' या नावाने मिळतो. जवस म्हणजेच अळशी.

गुळाचा रंग बघून भुलू नका. लख्ख पिवळा गूळ बहुतेक वेळा रसायनाने उजळवलेला असतो. गडद तपकिरी, थोडा मऊसर गूळ लाडवांना चांगला. चिक्कीचा गूळ मात्र वेगळा येतो, तो कडक पाकासाठीच असतो. लाडवात तो घातला तर दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला बत्ता लागेल.

पहिला धडा भाजण्याचा: नाचणीचे लाडू

घरच्या खाऊचं निम्मं यश भाजण्यात असतं, म्हणून सुरुवात नाचणीपासून करू. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, ते का हे पुढे सत्त्वाच्या वेळी सांगते. तरीही रोजच्या खाण्यातल्या धान्यांत कॅल्शियमच्या बाबतीत नाचणीच्या जवळपास कुणी नाही.

साहित्य असं घ्या: नाचणीचं पीठ दोन वाट्या (साधारण 250 ग्रॅम), साजूक तूप पाऊण वाटी, किसलेला गूळ 150 ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट अर्धी वाटी, भाजलेले तीळ दोन मोठे चमचे, वेलचीपूड. यात मध्यम आकाराचे अठराएक लाडू होतात.

कढई मंद आचेवर ठेवा, निम्मं तूप घाला, ते वितळलं की पीठ घाला आणि हलवायला लागा. सुरुवातीला पीठ जड लागतं, गोळे होतात, उलथन्याला चिकटतं. घाबरू नका, गोळे मोडत राहा. उरलेलं तूप थोडं थोडं सोडा. बेसन भाजताना रंग बदलला की कळतं, पण नाचणी मुळातच तपकिरी. इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पाच-सहा मिनिटांनी कच्च्या पिठाचा मातकट वास जातो. दहा-बारा मिनिटांच्या सुमाराला खमंग वास घरभर सुटतो, उलथनं एकदम हलकं फिरायला लागतं आणि पिठाच्या कडेने तूप सुटलेलं दिसतं. ही तिन्ही लक्षणं जुळली की गॅस बंद करा आणि त्यानंतरही दोन मिनिटं हलवत राहा, कारण कढई गरम असते आणि तळाचं पीठ भाजलं जातच असतं.

नवखे लोक हमखास फसतात ते यानंतर. गरम पिठात गूळ घातला की तो वितळतो, त्याचा पाक होतो आणि लाडू दगडासारखे होतात. पीठ परातीत काढा, बोट घालून सुखाने धरवेल इतकं कोमट होऊ द्या, मग किसलेला गूळ, कूट, तीळ आणि वेलची घालून हाताने चांगलं मळा. गुळाचा एकही खडा राहता कामा नये. मूठ आवळली की मिश्रण मुठीत टिकलं पाहिजे. नाहीच टिकलं तर एक चमचा तूप गरम करून घाला. दूध घालून लाडू वळायचा मोह होतो, तसे वळलेही जातात, पण दोन दिवसांत त्यांना वास येतो. कोरड्या डब्यात तुपातले लाडू पंधरा दिवस सहज राहतात.

आता या लाडवाचा हिशेब. अठरा लाडवांत 150 ग्रॅम गूळ, म्हणजे एका लाडवात आठेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास 25 ग्रॅमच्या. गूळ यात साखरेतच धरायचा. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचाच भाऊ. तेव्हा दिवसाला एक लाडू, आणि तोही बिस्किटाच्या *जागी*. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी "गुळाचाच तर आहे" असं म्हणून दोन-दोन खाऊ नयेत. त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी किंवा ताक घालून केलेली नाचणीची आंबील हा कितीतरी चांगला मार्ग आहे.

गोड नको असेल तर: जवसाची चटणी

विदर्भ-मराठवाड्यात जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला जवसाची किंवा कारळ्याची चटणी असतेच. माझ्या मते नवख्याने गोडापेक्षा हिच्यापासून सुरुवात केली तर फायदा अधिक, कारण रोज खाताना हात आखडावा लागत नाही. जवसात वनस्पतिज ओमेगा-3 (शरीराला लागणारा एक स्निग्धांश) भरपूर असतं. मासे न खाणाऱ्यांच्या ताटात ते एरवी फारसं येतच नाही. पण अख्खे जवस गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. ते कुटलेले किंवा दळलेलेच खायला हवेत.

एक वाटी जवस निवडून घ्या, त्यात बारीक खडे असतात. कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा. मिनिटभरात ते तडतडून उड्या मारायला लागतात, तेव्हा वर जाळी धरा. तडतड कमी झाली की एक दाणा गार करून दाताखाली धरा. कुरकुरीत फुटला तर झाला, दाताला चिकटला तर अजून कच्चा आहे. भाजणं नुसतं चवीसाठी नसतं. कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारे घटक अल्प प्रमाणात असतात आणि भाजल्याने ते कमी होतात. म्हणून कच्च्या जवसाची पूड वाट्यावारी खाण्याचे सल्ले कुणी दिले तर ऐकू नका.

जवस काढून त्याच कढईत थेंबभर तेलावर दहा-बारा लसणीच्या पाकळ्या कुरकुरीत करा, एक चमचा जिरे भाजा. ओली लसूण घातली तर चटणी चवदार होते, पण चार-पाच दिवसांतच संपवावी लागते. सगळं पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं की जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतीच करा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, भाकरीबरोबर तेल किंवा दही घालून. तंतुमय पदार्थ वाढले की पाणीही वाढवा, नाहीतर उलट पोट जड होतं.

याच रीतीने कारळ्याची आणि तिळाची चटणी होते. तीळ घेताना पॉलिश केलेले पांढरेशुभ्र न घेता सालासकट घ्या. तिळातलं कॅल्शियम मुख्यतः सालीतच असतं.

भिजवण्याचा धडा: अळिवाचे लाडू

अळीव दिसायला मोहरीपेक्षा बारीक, लालसर तपकिरी. लोहासाठी तो आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बाळंतिणीला दिला जातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्यामुळे अळीव फक्त बाळंतिणीपुरता ठेवण्याचं काहीच कारण नाही. फक्त गरोदरपणात तो टाळायची आपल्याकडे रीत आहे. ती पाळा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

एक नारळ फोडून त्याचं पाणी गाळून घ्या. त्यात पाव वाटी अळीव तीन तास भिजवा. भिजल्यावर पाणी दिसेनासं होतं, प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक चीक धरतो आणि चमचा घातला की सगळं एकसंध घसरतं. अळीव भिजला की नाही हे यावरून कळतं. नारळपाणी कमी पडलं तर साधं पाणी किंवा दूध घाला, कोरडं ठेवू नका.

नारळ खवून घ्या, फक्त पांढरा भाग. खोबरं, भिजलेला अळीव आणि एक वाटी चिरलेला गूळ एकत्र करून अर्धा तास ठेवा, म्हणजे गूळ आपोआप विरघळतो. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. आधी मिश्रण पातळ होतं, मग हळूहळू आळतं, आणि वीसेक मिनिटांनी कढईच्या कडा सोडून मध्ये गोळा व्हायला लागतं. त्या क्षणी उतरवा. आणखी आटवलं तर लाडू चिवट होतात. जायफळ किसून घाला, कोमट असताना वळा. ओल्या खोबऱ्याचे असल्यामुळे हे बाहेर टिकत नाहीत. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात.

लाडू खाल्ल्यावर लगेच चहा घेतला तर चहातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो. चहा तासभर लांब ठेवा. उलट आवळा, लिंबू, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं. अळिवाच्या लाडवानंतर आवळ्याची फोड ही जोडी म्हणूनच उत्तम.

मोड आणण्याचा धडा: नाचणीचं सत्त्व

नाचणीतलं कॅल्शियम आणि लोह तिच्यातल्या फायटेट नावाच्या घटकाने बांधून ठेवलेलं असतं. मोड आले की फायटेट कमी होतं आणि खनिजं मोकळी होतात. शिवाय स्टार्चही थोडा मोडला जातो, म्हणून सत्त्वाची खीर पिठाच्या खिरीपेक्षा हलकी आणि पचायला सोपी.

अर्धा किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन, खाली बसलेली माती आणि खडे टाकून, रात्रभर भिजवा. सकाळी निथळून सुती फडक्यात सैल बांधा आणि वर झाकण ठेवा. फडकं ओलसर राहिलं पाहिजे, ठिबकतं नको. उन्हाळ्यात दीड दिवसात, थंडीत दोन-अडीच दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. आंबट वास आला किंवा बुरशीचा करडा धागा दिसला तर सगळं टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आलेली नाचणी सावलीत, पंख्याखाली पसरून खडखडीत वाळवा, कढईत मंद आचेवर हलकी भाजा, दळा आणि मलमलच्या कापडातून चाळा. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका. हवेतल्या ओलाव्याने नाचणी वाळत नाही आणि बुरशीचा धोका असतो. त्या चार महिन्यांसाठी उन्हाळ्यातच करून ठेवावं.

खीर करताना दोन चमचे सत्त्व आधी अर्धी वाटी *गार* पाण्यात कालवा, मग ते उकळत्या दुधात किंवा पाण्यात ओतून पाच-सात मिनिटं सतत हलवा. गरम दुधात थेट सत्त्व टाकलं की गुठळ्या होणारच. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना ही खीर चालते, पण प्रमाण बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. वर्षाच्या आत साखर, मीठ घालू नये आणि मध तर चाटवूही नये, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराचा, गंभीर धोका असतो. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा बदामही देऊ नका, ते घशात अडकतात. कूट करूनच घाला.

चिमटीने वापरायच्या गोष्टी

शेवग्याचा पाला देठ काढून धुवा, सुती कापडावर सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात वाळवला तर हिरवा रंग आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्वाचा अंश जातो. कुरकुरीत झाला की मिक्सरमधून काढा. बाजारात 'मोरिंगा' म्हणून बऱ्याच किमतीला विकली जाते ती हीच पूड. चपातीच्या कणकेत किंवा वरणात चमचाभर घातली की झालं. दारात झाड असेल तर ताज्या पाल्याची भाजी त्याहून चांगली.

आवळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत स्वस्त असतात. किसून मीठ-जिरं लावून वाळवले की वर्षभराची सुपारी होते. वाळवताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं, म्हणून हंगामात ताजा आवळा खाऊन घ्यावा.

हळद-दूध घेत असाल तर त्यात चिमूटभर मिरपूड घाला आणि दूध साय काढलेलं नको. हळदीतलं कर्क्युमिन मिरी आणि स्निग्धांशाशिवाय फारसं शोषलं जात नाही. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्या मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या घेऊ नका.

डब्यांतून न मिळणारं

हे मनापासून सांगते, कारण घरच्या खाण्यावर प्रेम करणारी माणसं इथेच चुकतात. ब-12 जीवनसत्त्व वरच्या एकाही लाडवात किंवा चटणीत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. शुद्ध शाकाहारी आणि त्यातही दूध कमी घेणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं. हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल तर लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात, अळीव त्यांच्या जोडीला. रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असेल तर शेवगा, जवस, हळद यांचं प्रमाण अचानक वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि विकतची पावडर घेणारच असाल तर पुडक्यावर एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि त्यात साखर कितव्या स्थानावर आहे हे वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या दोनांत असेल तर पुडकं परत ठेवा.

क्रम कसा लावायचा, आणि थंडीतला डिंक

पहिल्या आठवड्यात जवसाची चटणी. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि बिघडण्यासारखं फारसं नाही. तिसऱ्या आठवड्यात नाचणीचे लाडू. अळीव नारळ घरात येईल तेव्हा, सत्त्व उन्हाळ्याच्या सुट्टीत. दिवाळीनंतर हवेत गारवा आला की मग डिंकाच्या लाडवांना हात घाला. तोवर भाजण्याचा अंदाज आलेला असतो.

डिंक 100 ग्रॅम, खारकेची पूड 200 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 200 ग्रॅम, भाजलेली खसखस 50 ग्रॅम, बदाम 100 ग्रॅम, गूळ 300 ग्रॅम आणि तूप पाव किलोच्या आसपास. खोबरं मंद आचेवर गुलाबीसर भाजून हाताने चुरा. बदाम थोड्या तुपात परतून जाडसर कुटा. डिंकाचे खडे हरभऱ्याएवढे फोडा आणि मध्यम गरम तुपात चार-पाचच टाका. ते लाहीसारखे फुलतात. एक खडा काढून फोडून बघा. आत काचेसारखा चकचकीत ठिपका दिसला तर तो कच्चा आहे आणि दातात बसेल, तूप किंचित निवू द्या आणि पुढचे खडे सावकाश तळा. मोठी आच केली की डिंक बाहेरून फुलतो आणि आतून तसाच राहतो.

तळलेला डिंक वाटीच्या बुडाने चुरा, खारीक त्याच तुपात परता, सगळं एकत्र करा. गूळ दोन चमचे तुपात फक्त वितळवा, पाक करू नका. फेस आला की लगेच मिश्रणावर ओता. जायफळ-वेलची घालून गरम असतानाच, हाताला तूप लावून भराभर लाडू वळा. जोडीला एक माणूस हवाच, कारण मिश्रण पाच मिनिटांत गार होऊन मोडायला लागतं. तसं झालं तर कढई पुन्हा मिनिटभर मंद आचेवर ठेवायची, मऊ होतं. लाडू लिंबाएवढेच ठेवा, पोटभरीचे असतात. सकाळी एक, कोमट दुधाबरोबर. पहिल्या खेपेला हे सगळं निम्म्या प्रमाणात करा. वर्षात एकदाच होणारा पदार्थ आहे, पण दुसरी खेप त्याच थंडीत करता येते.